तीन दगडांना चार फूट जागा

शिक्रापूरला आमच्या घरामागे पत्र्याची पडवी आहे. सोळा फूट लांब, सात फूट रुंद. एका टोकाला न्हाणीचं पाणी तापवायची चूल, मध्ये सरपण आणि जुनी सायकल. दुसऱ्या टोकाला चार बाय चार फुटांची जागा आहे, तिथे आम्ही काही ठेवत नाही. पाहुण्यांपैकी कुणी तिथे पिशवी टेकवली तर माझी आई ओसरीवरून ओरडते. त्या जागेत तीन दगड आहेत. ते आमचे नाहीत. ते तिथे कसे आले आणि कसे राहिले, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

वरच्या मजल्यावर आमच्या चार खोल्या भाड्याने असतात. शिक्रापुरात घर बांधणारा प्रत्येक जण तेच करतो, कारण कंपन्या चहूबाजूंनी आणि राहायला येणारा माणूस रोजचा. मी स्वतः एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर सुटे भाग मापतो, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. भाडेकरूंच्या बाबतीतही माझे नियम ठरलेले आहेत. कागद पोलिसांकडे दिल्याशिवाय किल्ली नाही, वीज मीटरप्रमाणे, आणि खोलीत गॅसशिवाय दुसरी आग नाही.

कोपऱ्यातल्या खोलीत एक नवरा-बायको राहायला आले. तो गिअर बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर, ती पॅकिंगला. गल्लीत सगळे त्याला गुरखा म्हणू लागले. तो कुणाशी वाद घालत नसे, पण मला त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "दाजू, हम राई हैं." दाजू म्हणजे थोरला भाऊ. शेजारच्या खोलीतला उत्तर प्रदेशातल्या बलियाचा माणूस हे ऐकून खूश झाला, कारण त्याच्या गावातही राय आडनावाची घरं होती. मग त्याने या राईचा चेहरा नीट बघितला आणि तो विषय सोडला.

राई म्हणजे नेपाळच्या पूर्वेकडच्या डोंगरांतले लोक. त्यांच्यात एका डोंगराची भाषा दुसऱ्या डोंगराला कळत नाही. तो राई, त्याची बायकोही राई, तरी दोघं घरात नेपाळी बोलतात, कारण त्याच्या आईची भाषा तिला येत नाही आणि तिच्या आईची त्याला. मी त्याला विचारलं होतं, मग पूर्वजांशी कुठल्या भाषेत बोलता? तो म्हणाला, तीच तर अडचण आहे. पूर्वजांना नेपाळी समजत नाही. त्यांची भाषा त्याला ऐकून कळते, बोलता फारशी येत नाही. आईला येते.

एकदा वरून असा वास आला, की माझ्या बायकोने चेंबर तुंबलं म्हणून मला जिन्याखाली पाठवलं. चेंबर साफ होतं. वर आंबवलेल्या सोयाबीनची भाजी शिजत होती. आमच्याकडे सोयाबीन तेलाला जातं आणि पेंड जनावरांना, त्यामुळे ते माणसाने इतक्या आवडीने खावं याचं मला नवल वाटलं. पुढे त्यांच्याकडून वाळवलेल्या आंबट पाल्याचं सूप आमच्या घरात आलं, आणि आमच्याकडून शेंगदाण्याची चटणी वर गेली. चटणी लवकर संपे. सूप माझ्या आईने एकदाच प्यायलं आणि "चांगलं हाय, पर माझ्या वयाला न्हाई" असा निकाल दिला.

त्याची एक गोष्ट मात्र माझ्या आईला पहिल्यापासून पटली. पावसाळा सरला की तो नवा तांदूळ आणि नवं आलं खात नसे. बाजारात आलेलं असलं तरी नाही. गावाकडे आई चुलीपाशी नव्या धान्याचा घास पूर्वजांना द्यायची आणि मग फोन करायची, झालं म्हणून. त्या फोननंतर ही दोघं इथे नवा भात शिजवायची. खुटबावला आमच्या शेतात बाजरी काढली की पहिली कणसं खंडोबापुढे ठेवल्याशिवाय आम्हीही भाकरी करत नाही. आई म्हणाली, "मानूस मायंदाळ लांबचा हाय, पर वळन जवळचं हाय."

त्याचे वडील वारले तेव्हा तो गावी जाऊन आला. त्यांना घराच्या वरच्या अंगाला, स्वतःच्याच वाफ्यात पुरलं, असं त्याने सांगितलं. त्यांच्यात पुरतात. आता त्या घरात आई एकटी होती. त्या कड्यावरची बहुतेक घरं बंद झालेली. तरुण माणसं कतारला, मलेशियाला, शिक्रापूरला. पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचं, आणि मागच्या थंडीत ती त्या वाटेवर पडली होती. इकडे त्याच्या बायकोला दिवस गेलेले. त्याने आईला इकडे यायची गळ घातली. तिचं म्हणणं एकच होतं, मी आले तर चुलीकडे कोण बघणार?

त्यांच्याकडे चुलीचे तीन दगड म्हणजे नुसती चूल नाही. एका दगडात बापाकडचे पूर्वज, एकात आईकडचे, तिसऱ्यात गाव-समाज, असं मला त्याने सांगितलं. त्याच्या बायकोच्या माहेरी तिसऱ्या दगडाचा अर्थ थोडा वेगळा सांगतात. त्यांच्या भाषेत या दगडांना शब्द आहे, पण तो माझ्या तोंडात नीट बसत नाही, म्हणून मी तीन दगडच म्हणतो. त्या दगडांना घराबाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही, ओलांडायचं नाही, पाय त्यांच्याकडे करायचा नाही. लग्न होऊन गेलेली मुलगीसुद्धा आली तर लांब बसते. शेवटी आई यायला तयार झाली, पण दगड घेऊन. ते इथे नीट मांडता आले तर ती राहणार होती. नाहीतर परत जाणार होती, एकटी.

तो गावी जाऊन तिला घेऊन आला, त्या दिवशी मी खुटबावला भावाकडे होतो. दिवाळी झाली होती. तिची गाडी दौंडला थांबणार होती, म्हणून मी त्याला फोनवर म्हणालो, दौंडलाच उतरवून घे, मी गाडी घेऊन येतो. फलाटावर एक ठेंगणी, ताठ म्हातारी उतरली. नाकात दोन्हीकडे सोनं, पायात कॅनव्हासचे बूट. तिच्यामागे त्याने पोत्यात बांधलेलं एक जड ओझं उतरवलं. सवयीने मी हात पुढे केला. तो पटकन म्हणाला, "दाजू, वो नहीं. वो मैं ही उठाऊँगा." म्हातारीने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि स्वतःची कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

दगड मांडायचे कुठे, हा माझा प्रश्न झाला. खोलीत फरशी आणि गॅस. तिथे सरपणाची चूल मी होऊ देणार नव्हतो, आणि तसं स्पष्ट सांगितलं. पडवीचा रिकामा कोपरा मी मोजला. पत्रा साडेआठ फुटांवर, तिन्ही बाजूंनी हवा, खाली माती. चार बाय चार देता येत होते. म्हातारीने तिथे उकिडवं बसून माती चिमटीत घेतली, वास घेतला आणि मान डोलावली. मांडणी मात्र लगेच होणार नव्हती. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला त्यांचा सण असतो. त्या सुमाराला डोंगरावरचे पक्षी आणि नदीतले मासे थंडीला भिऊन खाली उतरतात, म्हणून त्यांच्यात तो खाली उतरण्याचा काळ. वैशाखात पुन्हा वर जाण्याचा. पौर्णिमेला पुण्याहून त्यांच्यातला एक जाणता येणार होता, पूर्वजांना बोलावणारा. तोपर्यंत दगड पोत्यात बांधलेले त्या कोपऱ्यात राहतील असं ठरलं. मी घरात सगळ्यांना सांगितलं, आईला दोनदा सांगितलं, की त्यांना शिवायचं नाही.

माझी आई सत्तरी ओलांडलेली. तिला लिहिता येत नाही, पण वर्षाचे सगळे कुळाचार तोंडपाठ. चंपाषष्ठीला तिने पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं होतं. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, तळी भरली, भंडारा उधळला. मग नैवेद्याचं ताट घेऊन ती फिरायला निघाली. तुळशीला, उंबऱ्याला, आणि खंडोबाचं म्हणून कुत्र्याला. कुत्रं पडवीत होतं. तिथे तिला ते तीन दगड उघडे दिसले. न्हाणीचं पाणी उडून पोतं ओलं झालं होतं, म्हणून म्हातारीने ते दोरीवर वाळत घातलं होतं आणि ती वर जाऊन पडली होती.

आमच्या भागात बांधावर एखादा दगड उठून दिसला तर त्याला शेंदूर लागतो. दुसऱ्या वर्षी नारळ फुटतो, तिसऱ्या वर्षी तो म्हसोबा असतो. देव आहे हे कळल्यावर त्याला तसाच कोरडा ठेवून पुढे जाणं माझ्या आईला या जन्मात जमणार नाही. तिने तिन्ही दगडांवर भंडारा टाकला. प्रत्येकावर भरिताचा ठिपका आणि रोडग्याचा तुकडा ठेवला. हात जोडले. बाकीचा रोडगा कुत्र्याला घातला आणि घरात आली.

थोड्या वेळाने मी हात धुवायला न्हाणीकडे निघालो. मी गेलो तर म्हातारी त्या पिवळ्या दगडांसमोर बसली होती.  मुलगा कारखान्यातून आला, त्याने बघितलं आणि तोही तिच्या शेजारी बसला. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला जिन्यात गाठून सांगितलं, की आई गावी परत जाते म्हणते. पूर्वज आता गोंधळले असतील, हे घर कुणाचं, हा हात कुणाचा. अशा दगडांवर नवा भात ठेवता येणार नाही. आणि तो ठेवला नाही तर ती नव्याला तोंड लावणार नाही. दगड जिथले आहेत तिथे नेऊन पुन्हा विचारावं लागेल.

"वहाँ कौन है उनके पास?" मी विचारलं.

"कोई नहीं, दाजू. बाबू है, मिट्टी में." बाबू म्हणजे त्याचे वडील.

त्याने पौर्णिमेनंतरचं दौंडहून तिकीट काढलं. तो पोचवून येणार होता. बायको मागे एकटी, सहावा महिना.

मी आईला सांगितलं. ती आधी चिडली. "शिवू नगं म्हनलास, म्या शिवले न्हाई. वरनं चिमटीनं टाकला भंडारा."

"आणि रोडगा? तो वरून टाकलास का?"

"रोडगा ठिवला. पर बोट लागलं आसंल नसंल. आन् काय राख टाकली का म्या? भंडारा हाय. देवाचा हाय."

मी म्हणालो, कुणाच्या देवाचा? तिने सूप पुढ्यात ओढलं आणि तांदूळ निवडत बसली. मग निवडता निवडता तिने एक गोष्ट काढली, जी मला माहीत होती पण तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

माझे वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. देव वाटता येत नाहीत. देवघरातले चांदीचे टाक थोरल्याकडे राहिले. आई सवती चूल घेऊन बाजूच्या सोप्यात आली तेव्हा तिच्या देव्हाऱ्यात काहीच नव्हतं. सणाला ती नैवेद्य करायची आणि भिंतीच्या पलीकडे देवघर आहे म्हणून भिंतीला दाखवायची. एकदा न राहवून ती चुलत्यांच्या देवघरात शिरली आणि टाकांना हात लावला, तर चुलतीने गावाला ऐकू जाईल असा दंगा केला. नंतर नवे टाक घडवले आणि जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणले, तेव्हा कुठे ते घराचे देव झाले.

"तवा मला कळलं व्हतं," आई म्हणाली, "आन् आता इसरले." मग तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "त्यास्नी इचार, त्यांच्यात देव भेटवीत न्हाईत व्हय? काय तरी रीत आसंलच. बिगर रितीचा देव नसतो."

हा प्रश्न मी वर नेला. मुलाने तो नेपाळीत सांगितला. म्हातारीने उलट विचारलं, की त्या बाईच्या देवांना भेटवायला किती लांब न्यावं लागलं? मी म्हणालो, खुटबाव ते जेजुरी, डोंगरातून बैलगाडीने एक दिवस. ती म्हणाली, माझ्यांना आठवडा लागला यायला आणि कुणी त्यांना वाट सांगितली नाही. पोत्यात घालून आणलं. मग ती मुलाशी त्यांच्या भाषेत बोलली आणि त्याने पुण्याच्या जाणत्याला फोन लावला. जाणता म्हणाला, जायचं की राहायचं हे आपण नाही ठरवायचं, पूर्वजांना विचारू. पौर्णिमेला येतो. आलं आणा, कोंबडा आणा, सुकी मासळी आणा. आणि ज्या बाईचा हात लागला ती घरात असू दे.

कोंबडा म्हटल्यावर माझ्या घरात दुसरा पेच. मार्गशीर्ष, त्यात पौर्णिमेला दत्तजयंती, आणि माझ्या पडवीत कोंबडं कापायचं. माझ्या बायकोने डोक्याला हात लावला. तो पेच आईनेच सोडवला. म्हणाली, "म्हाळसाबाईला चालत न्हाई, बानूबाईला चालतं. म्हाळसाबाईच्या देव्हाऱ्याचं दार लावून घ्या आन् काय करायचं ते करा." खंडोबाला दोन बायका असण्याचा एवढा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

जाणता आला तो साधा माणूस होता, माझ्याच वयाचा, पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. सोबत त्यांच्यातली आठ-दहा माणसं. त्याने पागोटं बांधलं, दगड पाण्याने धुवायला लावले, आणि कामाला बसण्याआधी मला बोलावलं. पूर्वजांना डोंगरातल्या घरापासून इथवर आणायचं, तर वाटेतलं एकेक गाव आणि एकेक नदी नाव घेऊन ओलांडावी लागते. मध्ये एखादं सुटलं तर ते तिथेच अडकतात. डोंगरापासून गंगेपर्यंतची वाट त्याला येत होती. पुढची रेल्वेची मुलाने सांगितली. दौंडपासून पुढची कुणालाच नीट माहीत नव्हती, कारण त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.

"गाँव मत छोड़ना, दाजू. और नदी तो बिलकुल नहीं."

हे माझ्या आवडीचं काम होतं. मी सांगितलं: दौंड, कुरकुंभ, पाटस, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा, तळेगाव, शिक्रापूर. नद्या, दौंडच्या अलीकडे रेल्वेच्या पुलावर भीमा, पारगावला भीमा, शेवटी वेळ. त्याने मला थांबवलं. तीच नदी दोनदा कशी? मी जमिनीवर काडीने भीमेचं वळण काढून दाखवलं. गाडी उत्तरेकडून येते, एकदा ओलांडून दौंडात शिरते, आणि आपण पुन्हा उत्तरेला आलो, म्हणून पुन्हा ओलांडली. तो नीट बघत राहिला. म्हणाला, बरं झालं विचारलं, नाहीतर एकदाच ओलांडून ते पलीकडे राहिले असते.

मग त्याने आल्याचे काप, तांदूळ आणि पाण्याचा तुंबा घेऊन सुरुवात केली. काही शब्द बोललेले, काही गायलेले, सगळे एका लयीत. बसलेल्या दहा जणांत ते पूर्ण समजणारी एकटी म्हातारीच असावी. ती डोळे मिटून ओठ हलवत होती. मला अर्थातच काही कळत नव्हतं. फक्त नद्या आल्या की ओळखू येत होत्या. कोसी आली, गंगा आली, यमुना, नर्मदा, तापी, गोदावरी. आणि मग त्या अनोळखी बोलीत मध्येच केडगाव आलं. पारगाव आलं. माझ्या लहानपणी बैलांच्या बाजाराला आणि चुलत्याच्या सोयरिकीला आम्ही ज्या गावांना जायचो, ती गावं कुठल्या तरी पूर्वजांना रस्ता दाखवत एकामागून एक येत होती. मी आजवर हजारो वेळा ही नावं घेतली असतील. ती इतकी जपून घेतलेली ऐकली नव्हती.

शिक्रापूरला पोचल्यावर तो थांबला आणि त्याने माझ्या आईला समोर बोलावलं. चार फुटांच्या बाहेर. हात कुणाचा लागला हे पूर्वजांना सांगायचं होतं. तिचं माहेर कुठलं, कूळ कुठलं, देवक काय, देव कोणता. आईने पदर डोक्यावर घेतला आणि एकेक सांगत गेली, मी हिंदीत करत गेलो. शेवटी तो म्हणाला, काही म्हणायचं आहे का? आई म्हणाली, "सांगा त्यास्नी, परकी हाय पर वैरी न्हाई. जेवान घिऊन आल्ते म्या."

जाणत्याने आल्याचे काप जमिनीवर टाकले, ते कसे पडले ते बघितलं, पुन्हा टाकले. तीन वेळा. म्हातारीची मान खाली होती. तिच्या मुलाचा हात बायकोच्या खांद्यावर होता. मग जाणता नेपाळीत काही बोलला आणि पोराने ते मला हिंदीत सांगितलं. पूर्वज आले आहेत. त्यांनी हात ओळखला. पुन्हा लागू देऊ नका म्हणतात, पण भुकेल्याला जेवण घेऊन आलेला हात आहे, त्याचा राग नाही.

दगड मांडले गेले. लेव्हल मी डोळ्यानेच बघितली, माझ्या हातात काही देण्याचा प्रश्नच नव्हता. एक दगड जरा उंच आहे. म्हातारी म्हणाली, तो तसाच असतो. पहिला जाळ तिने केला, नव्या तांदळाचा भात शिजवला, आलं, मासळी आणि कोंबड्याचं काळीज पानावर ठेवून पूर्वजांना दिलं, आणि मग स्वतः बसून जेवली. बाकीच्यांनी अंगणात फेर धरला. हात आणि पाय पेरणीसारखे, लावणीसारखे, मध्येच पक्ष्याच्या पंखांसारखे. आमचं अंगण वीस फुटांचं. फेर मोठा झाला की टोकाची माणसं गल्लीत जायची आणि मोटारसायकलवाले थांबून बघायचे. एका शेजाऱ्याने मला विचारलं, लग्न हाय का? मी म्हणालो, वास्तुशांत.

दौंडचं तिकीट रद्द झालं. मुलगी झाली ती इथेच, शिक्रापूरच्या दवाखान्यात. त्या तीन दगडांपाशी तिला तिच्या आजीने पहिल्यांदा दाखवलं, आणि चार फुटांच्या बाहेर बसून माझ्या आईने बोटं मोडून दृष्ट काढली. या दोघी रोज संध्याकाळी अशाच बसतात, एक रेषेच्या आत, एक बाहेर. एकीला मराठी येत नाही, दुसरीला नेपाळी. पण सुनांबद्दल बोलतात हे दोन्ही घरांतल्या सुनांना कळतं.

दगड धुतले तरी उंच दगडाच्या एका खाचेत पिवळा भंडारा राहिला आहे. आईने तो काढू का असं लांबूनच खुणेने विचारलं होतं. म्हातारीने मान हलवली, राहू दे.

मला मात्र काळजी वैशाखाची होती. वैशाखात सगळं वर जायचं असतं, हे मी विसरलो नव्हतो. घरावर आणखी दोन खोल्या काढायचा माझा विचार होता आणि नवा जिना पडवीच्या त्याच टोकाला येत होता. ती जाणार असेल तर जागा मोकळी होणार होती. नकाशा मी करून ठेवला होता, पण आखणी करायला माणूस बोलावला नव्हता. वैशाखाच्या पौर्णिमेला ती चुलीपाशी घास ठेवून उठली तेव्हा मी तिच्या मुलाकरवी विचारलं, तुम्ही वर कधी जाणार?

एव्हाना तिला थोडं हिंदी येऊ लागलं होतं. मुलाने भाषांतर करायच्या आत तीच बोलली.

"चिड़िया जाएगा, मछली जाएगा. हमारा चूल्हा इधर है, हम किधर जाएगा?"

आणि चिमट्याने निखारे राखेत नीट झाकून ती नातीला घ्यायला वर गेली. जिना मी साडेतीन फूट पुढे सरकवून घेतला आहे. पायऱ्या जरा उभ्या आल्या, पण चढता येतात.